पिवळा दोर

सुचेता जगदाळे कऱ्हाडच्या दूध संघात प्रयोगशाळेत कामाला होती, आणि यंत्राच्या आकड्यापुढे तिला माणसाचं म्हणणं नेहमीच कमी वाटायचं. म्हैस कुणाची, मालक कसा, याच्याशी तिला कर्तव्य नसे. नमुना नळीत गेला, पडद्यावर फॅट उमटली, की विषय संपला. कुणी "बाई, आमच्या म्हशीचं दूध एवढं पातळ व्हय?" म्हणत वाद घालायला आलं, तर ती पडद्याकडे बोट दाखवायची आणि पुढच्या नमुन्याला हात घालायची. अशा बाईच्या हातात कुणी पोरीच्या मायेचं मोजमाप द्यावं, हेच मुळात चुकलं. पण ते सगळ्यांनाच दिलं होतं, तिच्या एकटीसाठी कोण थांबणार.

मोजमापाचं नाव होतं राखण.

त्याचं असं झालं, की मुलांचे निरोप आईबापांनी वाचायचे नाहीत असा कायदा आला. त्याआधी घरोघरी चोर-पोलीस चालायचं. आईबाप पोरांचे फोन चाळायचे, पोरं दुसरं खातं उघडायची, आईबाप तेही हुडकून काढायचे, आणि या पळापळीत जो खरा लबाड माणूस पोरीशी गोड बोलत असायचा तो निवांत असायचा. राखण आली ती या दोघांच्या मधे. ती मुलाच्या फोनमध्येच राहते. निरोप फोनबाहेर जात नाहीत, आईबापांना एक अक्षर दिसत नाही. राखण बोलण्याची चाल बघते. आधी कोण लिहितं, उत्तर किती चटकन येतं, लिहून किती वेळा खोडलं, निरोप लांबतायत की आखडतायत. त्यावरून ती पालकाच्या फोनवर प्रत्येक ओळखीचा एक दोर काढते. जेवढी ओढ जास्त, तेवढा दोर जाड. नाव दाखवत नाही. माणूस लहान की मोठं, बाई की पुरुष, गावातलं की बाहेरचं, एवढंच सांगते. आणि तुलनेला म्हणून आईचा किंवा बापाचा दोर शेजारी काढून ठेवते. ही तुलना ज्याने कुणी सुचवली त्याला पोरंबाळं नसावीत.

धोका ओळखायला मात्र ती फोनच्या आतल्या आत शब्दही वाचायची, आणि ती रीतही विचार करून बसवलेली होती. मुलांना जाळ्यात ओढणाऱ्या माणसांची हजारो जुनी प्रकरणं राखणीला शिकवली होती, आणि त्यातून चार पायऱ्या निघाल्या होत्या. आधी कौतुक. मग गुपित. मग मुलाला घरापासून हळूच बाजूला काढणं. शेवटी मागणी, म्हणजे फोटो पाठव, एकटी भेट. चौथ्या पायरीवर राखण कुणाला विचारत बसत नाही; संपर्क तोडते आणि बालरक्षण कक्षाला कळवते. पहिल्या तीनच चढल्या असतील तर दोर पिवळा होतो आणि काय करायचं ते पालकावर सोडलं जातं. कारण चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात निम्म्या आज्या संशयित ठरल्या होत्या. आज्या कौतुक करतात, आईच्या चोरून लाडू देतात, आणि "तुझ्या आईला काय कळतंय" असंही वर म्हणतात. लबाडाच्या आणि मायेच्या पहिल्या तीन पायऱ्या अगदी एकसारख्या निघाल्या. शास्त्रज्ञांनी पुष्कळ डोकं चालवलं आणि शेवटी साधा तोडगा काढला. घरची माणसं कोण, ते पालकाने आधीच सांगायचं. त्यांच्यावर राखण नजर ठेवणार नाही आणि तुलनेचा तेवढा सोडून त्यांचे दोरही काढणार नाही.

सुचेताच्या पोरीला, मैथिलीला, स्वतःचा फोन मिळाला त्या दिवशी राखणीने सुचेताला शांत आवाजात विचारलं, "घरची माणसं कोण?"

सुचेताने आपले आईवडील सांगितले. भाऊ-भावजय सांगितली. कोरेगावची चुलत मावशीही सांगितली, जिने मैथिलीला जन्मात एकदा पाहिलं होतं आणि तेव्हाही दुसऱ्याच कुणाची पोर समजली होती.

"वडिलांकडचं कुणी?" राखणीने विचारलं.

"कुणी नाही."

कुणी नाही कसं? चिपळूणला हेमांगी होती. नवऱ्याची, विक्रांतची, थोरली बिनलग्नाची बहीण, म्हणजे सुचेताची सख्खी नणंद. विक्रांत जाऊन सहा वर्षं झाली होती आणि तेवढीच वर्षं या दोघींचा अबोला होता. त्याच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा सुचेताने आधी ओवा दिला होता, मग गरम पाणी, मग पाठीला शेक. तोही म्हणत होता, गॅस आहे गं, जाईल. दुसऱ्या दिवशी हेमांगी घाट चढून आली, आणि सगळं आटोपल्यावर माणसांनी भरलेल्या खोलीत म्हणाली, "जरा लवकर नेलं असतंस तर." एवढंच म्हणाली. सुचेताने त्या दिवसापासून तिचं नाव घेतलं नाही. वाईट हे, की ते वाक्य तिच्या स्वतःच्या मनातलं होतं आणि दुसऱ्या कुणी ते मोठ्याने म्हटलं होतं.

खरं तर तेढ त्याच्याही आधीची. मैथिलीच्या बारशाला सुचेताने नाव ठरवलं होतं सानिका. पत्रिका छापल्या, पाळण्यावर अक्षरं लावली. आणि नाव कानात सांगायचा मान आत्याचा, म्हणून हेमांगी पाळण्यात वाकली आणि तिने सांगितलं, मैथिली. बायका हसल्या, पाठीत धपाटे पडले, विक्रांत तर पोट धरून हसला. "राहू दे की, ताईनं ठेवलंय," म्हणाला. राहिलं. आपल्या पोरीला हाक मारताना दर वेळी नणंदेने ठेवलेलं नाव तोंडातून काढायचं, हे सुचेताला तेरा वर्षं टोचत होतं.

अशी सगळी तयारी आधीच होती. राखणीने नुसती काडी लावली.

पहिले काही महिने पडद्यावर बारीक बारीक दोर होते. शाळेतल्या मैत्रिणी, खो-खोच्या संघातल्या मुली. सुचेताचा दोरही बारीकच होता. मैथिली तिला लिहायची ते "हो", "येते", "डबा विसरले". सुचेताला त्याचं काही वाटलं नाही, कारण घरात एकमेकींना काय लिहायचं. मग एक नवा दोर उगवला. बाई, प्रौढ, बाहेरगावची. पंधरवड्यात तो सगळ्या मैत्रिणींना मागे टाकून गेला. पुढच्या पंधरवड्यात तो सुचेताच्या दोराच्या कितीतरी पट जाड झाला, आणि पिवळा.

शहाण्या आईला आधी भीती वाटली असती. सुचेतालाही वाटली, नाही असं नाही. पण भीतीच्या पुढे दोन पावलं दुसरंच काही चालत होतं. कोण ही? माझ्या पोरीला हिच्याशी एवढं काय बोलायचं असतं? संघात नमुने तपासता तपासता ती खिशातला फोन काढून दोर बघायची. दुपारी जाड. संध्याकाळी आणखी जाड. शेजारी स्वतःचा, शेवयांच्या काडीएवढा.

तिने आधी चित्रकलेच्या बाईंवर संशय घेतला, कारण त्या उंब्रजहून येत आणि मुली त्यांच्यावर जीव टाकत. पालकसभेत सुचेताने त्यांना सगळ्यांदेखत विचारलं, "तुम्ही मुलींशी शाळेबाहेरही बोलता का हो?" त्या बिचाऱ्या गोंधळून म्हणाल्या, "मला स्वतःच्या मुलाशीसुद्धा बोलायला मिळत नाही हो." मैथिली घरी येऊन दार आपटून आत गेली. दोर त्या दिवशी अजून जाड झाला.

मग सुचेताने दुसरा मार्ग धरला. आपला दोर वाढवायचा. ती मैथिलीला निरोप पाठवायला लागली, तेही एकाच घरात बसून. स्वयंपाकघरातून लिहायची, "काय करतेस बाळा?" पलीकडच्या खोलीतून उत्तर यायचं, "अभ्यास." ती लिहायची, "आज तुझ्या आवडीची शेंगोळी करतेय," पुढे तीन हृदयं. उत्तर यायचं, "बरं." एकदा तिने मांजराचं हलतं चित्र पाठवलं. मैथिली खोलीतून उठून बाहेर आली आणि काळजीने म्हणाली, "आई, तुझा फोन कुणी वापरतंय का?"

पण हळूहळू फरक पडला. उत्तरं लांबली. "शेंगोळी मस्त झालीत, डब्यात पण दे," असं चक्क एक पूर्ण वाक्य आलं. मग शाळेतली एक गोष्ट आली, खो-खोत पडल्याची. सुचेताचा दोर जाड व्हायला लागला. रोज थोडा. ती संघात गुणगुणायला लागली, तिच्या हाताखालच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. पिवळा दोरही जाडच होता, त्याला ओहोटी नव्हती. पण आता आपणही शर्यतीत आहोत असं तिला वाटलं. दोन्ही दोर एकाच वेळी का वाढतायत, हा प्रश्न दुधाच्या बाबतीत तिने लगेच विचारला असता. इथे तो तिला सुचला नाही.

एका रविवारी दोघी जेवायला बसल्या होत्या. दुधीची भाजी होती. मैथिली भाजीकडे बघून एकटीच हसली.

"काय झालं?"

"बाबा लहानपणी दुधी ताटाखाली लपवायचे ना? आणि ताट उचललं की पकडले जायचे."

सुचेताचा घास हातातच राहिला. ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती. विक्रांत तिच्या हातची दुधी मुकाट्याने खायचा.

"कुणी सांगितलं तुला?"

"असंच. कुणीतरी," मैथिली म्हणाली आणि भराभरा जेवून उठली.

विक्रांतचं लहानपण माहीत असलेलं जगात एकच माणूस उरलं होतं. सुचेताला त्या क्षणी कळलं, आणि कळलं नाही असं तिने स्वतःला त्याच क्षणी बजावलं. अंगाचा नुसता भडका उडाला होता. परकी बाई परवडली असती. हिने नाव दिलं, हिने नवऱ्याच्या मरणाचा दोष दिला, आणि आता ही पोर पण घेऊन चालली. नवऱ्याचं लहानपणसुद्धा हिच्याचकडे. आणि त्या भडक्याच्या तळाशी थंडगार भीती होती. आज दुधीची गोष्ट सांगितली, उद्या ओव्याची सांगेल. तुझ्या बापाला तुझ्या आईने उशिरा नेलं. एवढं एक वाक्य आणि सगळं संपलं.

तिने राखण उघडली. पिवळ्या दोराखाली दोनच पर्याय होते, बघत राहा किंवा तोडा. तिने तोडा म्हटलं.

"ही व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का?" राखणीने विचारलं.

"नाही," सुचेता म्हणाली.

मैथिलीच्या फोनवर राखणीचा निरोप उमटला, की हा संपर्क थांबवण्यात आला आहे. तिने तो वाचला, आईकडे पाहिलं, आणि दप्तर भरायला लागली. सुचेताने चार वाक्यं तयार ठेवली होती, ती वाया गेली. पुढच्या आठवड्यात पडद्यावर पिवळं काही नव्हतं, आणि सुचेताचा दोरही उतरायला लागला होता. "हो". "येते". मग तेही बंद झालं, आणि तिचा दोर इतका बारीक झाला की पडदा जवळ धरल्याशिवाय दिसेना. पोर शाळेत जात होती, जेवत होती, विचारलेल्याला मान हलवत होती. सुचेताने पुन्हा शेंगोळी केली. तिने ती खाल्ली.

बालरक्षण कक्षातून फोन आला तो संघात, कामाच्या गर्दीत. रुकय्या तांबोळी नावाच्या अधिकारी होत्या, आवाज साधा, घाई नसलेला.

"जगदाळे मॅडम, तुम्ही एक संपर्क तोडलात. अनोळखी आणि तीन पायऱ्या म्हटल्यावर चौकशी आपोआप लागते. त्या बाई म्हणतायत, त्या मुलीच्या सख्ख्या आत्या आहेत. हेमांगी जगदाळे, चिपळूण. खरं आहे का?"

एक शब्द पुरला असता. सुचेताच्या समोर नमुन्यांच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या आणि मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"आमचा त्यांच्याशी काही संबंध नाही," ती म्हणाली.

"बरं. मग समक्ष सुनावणी ठेवावी लागेल. तोवर त्यांचं पाळणाघर बंद राहील."

"कसलं पाळणाघर?"

"त्या पाळणाघर चालवतात ना. मुलांबाबत चौकशी चालू असलेल्या माणसाला मुलं सांभाळता येत नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं?"

सुचेताला माहीत नव्हतं. सहा वर्षांत नणंदेचं काय चाललंय हे तिने विचारलंच नव्हतं. तिने फोन ठेवला आणि पुढचा नमुना नळीत घातला, आणि बराच वेळ पडद्यावर आलेला आकडा न वाचता नुसती बघत राहिली. बाईचं पाळणाघर बंद पाडायचं तिच्या मनात नव्हतं. पण आता संबंध आहे म्हणायचं, तर आधी दोनदा नाही का म्हटलं ते सांगावं लागणार, आणि तेही मैथिलीसमोर. कायदाच तसा होता. मुलाचा संपर्क तोडला, तर का तोडला ते मूल ऐकणार. सुनावणीपर्यंतचे दिवस तिने स्वतःला पटवण्यात घालवले, की आपण पोरीच्या भल्यासाठीच केलं. तिला ते जवळजवळ पटलं होतं.

कक्षाचं कार्यालय जुन्या नगरपालिकेच्या इमारतीत होतं. खोलीत एक गोल टेबल, चार खुर्च्या, खिडकीत कुणीतरी लावलेली तुळस. हेमांगी आधीच येऊन बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते. कुंभार्ली घाटातल्या वळणांनी तिला नेहमी मळमळायचं, आजही तिचा चेहरा उतरलेला होता. मैथिलीने दारातून तिला पाहिलं आणि पावलं त्या बाजूला वळली, मग तिने आईकडे पाहिलं आणि मधल्याच खुर्चीत बसली.

"बस, सुचेता," हेमांगी म्हणाली, जणू खोली तिच्या घरची होती. सुचेताला त्याचाही राग आला.

तांबोळी मॅडमनी मैथिलीला विचारलं, "या बाईंचा नंबर तुला कुठून मिळाला?"

"बाबांच्या जुन्या फोनमधून. कपाटात होता. मी चार्ज केला."

"आधी कुणी लिहिलं?"

"मीच. आत्याने चार दिवस उत्तरच दिलं नव्हतं. मग विचारलं, आईला माहीत आहे का. मी म्हटलं, हो." मैथिलीने मान खाली घातली. "खोटं सांगितलं."

"आता नियम ऐका," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "ज्या तीन वाक्यांवरून राखण तीन पायऱ्या चढली, तेवढी तीनच मला उघडता येतात, आणि तीही मुलीची परवानगी असेल तर. मैथिली?"

"उघडा."

पहिलं वाक्य हेमांगीचं होतं. 'अगदी विकीसारखी हसतेस गं, फोटोतसुद्धा कळतं.' हे कौतुक.

दुसरं मैथिलीचं. 'मी तुझ्याशी बोलते ते आईला सांगू नकोस, तिला त्रास होईल.' हे गुपित. राखणीने पुढचं उत्तरही जोडून ठेवलं होतं, तेही मॅडमनी वाचलं. 'नाही सांगणार.' आणि काही दिवसांनी त्यालाच जोडून, 'पण ती तुला लिहिते तेव्हा नीट उत्तर देत जा. एका अक्षरात नको. शाळेतलं काहीतरी सांग. ती वाट बघत असते.'

सुचेताने टेबलाच्या कडेला हात टेकले. शेंगोळी मस्त झालीत, डब्यात पण दे. खो-खोत पडल्याची गोष्ट. ज्या पंधरवड्यात ती संघात गुणगुणत हिंडली, तो सगळा या बाईने सांगून मिळवून दिलेला होता. कानशिलं तापली. आभार वगैरे काही वाटलं नाही तिला, तोंडात मारल्यासारखं झालं. भीक घातली हिने मला, माझ्याच पोरीच्या मायेची, असंच तिच्या मनात आलं.

"तिसरं," तांबोळी मॅडम म्हणाल्या. "यावर दोर पिवळा झाला. हेमांगीबाईंचं वाक्य आहे. 'हे आईला विचारू नकोस, कधीच. मला विचार.'"

"बघा," सुचेता म्हणाली. तिचा आवाज चढला. "बघा ना. याला काय म्हणायचं? आईला विचारू नकोस म्हणजे काय? हेच तर करतात ना ती माणसं? राखण काय उगीच बोंबलते का?"

"याच्या आधीचा प्रश्न वाचावा लागेल," मॅडम म्हणाल्या.

"नको," हेमांगी पहिल्यांदाच मधे बोलली. "ते राहू द्या. माझं पाळणाघर बंद राहिलं तरी चालेल, ते तेवढं नका वाचू. हात जोडते."

सुचेताला वाटलं, सापडली. ती म्हणाली, "का नको? वाचा. मला पण ऐकू दे काय शिकवतात माझ्या पोरीला."

मॅडमनी मैथिलीकडे पाहिलं. मैथिली टेबलावर नख घासत म्हणाली, "वाचा."

"'आत्या, बाबांना दवाखान्यात न्यायला आईने उशीर केला होता का? खालच्या काकू कुणाला तरी सांगत होत्या.' आणि त्याचं उत्तर: 'हे आईला विचारू नकोस, कधीच. मला विचार. उशीर नव्हता झाला. तिने धावत नेलं त्याला. मी होते ना तिथे.'"

बाहेर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती होत नव्हती.

हेमांगी तिथे नव्हती. ती त्या रात्री चिपळुणात होती, हे सुचेताला माहीत होतं, हेमांगीला माहीत होतं. खोलीतल्या बाकी दोघींना माहीत नव्हतं. उशिराचा ठपका भरल्या घरात ठेवणारी बाई पोरीला म्हणत होती, उशीर नव्हता झाला. आणि राखणीला तेच वाक्य सगळ्यांत धोक्याचं वाटलं होतं. राखणीची चूकही नव्हती. आईला विचारू नकोस, हे शब्द होतेच तसे.

"जगदाळे मॅडम," तांबोळी मॅडम म्हणाल्या, "मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे. या तुमच्या कोण?"

अजूनही नाही म्हणता आलं असतं. सुचेताला हे लख्ख दिसत होतं. हेमांगी गप्प बसली असती, परत चिपळूणला गेली असती, आणि मैथिली पुन्हा कधी दुधी बघून हसली नसती. तिने हेमांगीकडे पाहिलं. तिचा चेहरा अजून घाटातल्यासारखाच फिकट होता, आणि ती सुचेताकडे न बघता खिडकीतल्या तुळशीकडे बघत होती.

"वन्सं," सुचेता म्हणाली.

ही हाक आता कुणी मारत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती नणंदेला चिडवायला मुद्दाम अशी हाक मारायची, आणि हेमांगी म्हणायची, मी काय नऊवारीत आहे का गं. हेमांगीने तुळशीवरची नजर काढली.

"नणंद," सुचेताने मॅडमना सांगितलं. "सख्खी. मैथिलीची आत्या. मला माहीत होतं. तोडलं तेव्हाही माहीत होतं, तुमचा फोन आला तेव्हाही."

"मग का तोडलं?"

"पोटात दुखत होतं माझ्या." ती मैथिलीकडे वळली. मॅडमना सांगण्यापेक्षा हे अवघड होतं. "तू हिच्याशी बोलायचीस आणि मला 'बरं' लिहायचीस. बघवत नव्हतं मला."

मैथिलीने आईकडे बघितलं, संपर्क तुटल्यापासून पहिल्यांदा, सरळ.

तांबोळी मॅडमनी सुचेताला चांगलंच सुनावलं, ते इथे सांगण्यात अर्थ नाही. ताकीद मिळाली. पाळणाघरावरची बंदी उठली. मग सुचेताच्या फोनवरची राखण उघडून टेबलावर ठेवली गेली आणि तिने त्याच शांत आवाजात विचारलं, "घरची माणसं कोण?" सुचेताने सगळी नावं पुन्हा सांगितली. "वडिलांकडचं कुणी?" राखणीने विचारलं, आणि ती म्हणाली, "हेमांगी जगदाळे. आत्या."

बाहेर व्हरांड्यात हेमांगीने पिशवी खांद्याला अडकवली. "सुचेता, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोलले..."

"बोललात," सुचेता म्हणाली. "ते राहू द्या आता. गाडी चुकेल तुमची."

याहून जास्त तिला जमलं नाही. हेमांगीनेही आग्रह धरला नाही. मैथिली आत्याला सोडायला फाटकापर्यंत गेली आणि तिथे दोघी बराच वेळ बोलत उभ्या राहिल्या. सुचेता लांबून बघत होती, आणि जळत होती. कबुली दिली की जळणं थांबतं असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

घरी आल्यावर तिने सवयीने राखण उघडली. मैत्रिणींचे दोर होते, तिचा स्वतःचा होता. आत्याचा नव्हता. घरच्या माणसाचा दोर निघत नाही, हे तिला माहीत होतं, तरी तिने पडदा वर-खाली सरकवून पाहिला. आता तो किती जाड झालाय ते तिला कधीच कळणार नव्हतं. पलीकडच्या खोलीत मैथिली फोनवर काहीतरी वाचून हसली.

सुचेताने गॅस बंद केला. हात पुसले. दारात जाऊन उभी राहिली.

"आत्याशी बोलतेस?"

"हो." मैथिलीच्या आवाजात थोडी धार होती. "विचारतेय पोचली का."

"पोचल्या?"

"पाटणपर्यंत."

सुचेता पलंगाच्या कडेवर बसली. विक्रांतची दुधीची गोष्ट हेमांगीकडे होती. त्याच्या शाळेच्या, पोहायला शिकण्याच्या, मार खाण्याच्या सगळ्या गोष्टी हेमांगीकडे होत्या, आणि त्या ती हव्या तितक्या देणार होती. पण एक गोष्ट हेमांगीकडे नव्हती. ती देण्यात सुचेताचा थोडा स्वार्थ होता, नव्हता असं म्हणणं खोटं होईल.

"आत्या त्या रात्री तिथे नव्हती," ती म्हणाली. "ती दुसऱ्या दिवशी आली. तिथे मी होते."

मैथिलीचा अंगठा पडद्यावर थांबला.

"तिने तुला खोटं सांगितलं. माझ्यासाठी. उशीर झाला होता, मैथू. मी आधी ओवा दिला होता."

मैथिलीने फोन उपडा करून उशीखाली सरकवला आणि पाय पलंगावर घेऊन आईकडे तोंड करून बसली. फोन एकदा थरथरला. तिने तो काढला नाही.

"पहिल्यापासून सांग," ती म्हणाली.

सुचेता सांगत गेली, ओवा, गरम पाणी, शेक, बाहेर रिक्षा मिळत नव्हती ते, विक्रांत जाता जाता काय म्हणाला ते. मधे मैथिली रडली, मधे तिचा हात झटकून टाकला, आणि मग थोड्या वेळाने तोच हात परत ओढून घेतला. राखणीच्या पडद्यावर सुचेताचा दोर त्या संध्याकाळी होता तेवढाच बारीक राहिला. तोंडाने बोललेलं राखणीला मोजता येत नव्हतं, आणि तो बघायला सुचेताही उठली नाही.